पहिल्या रांगेतली सीट

ज्या हॉकी संघाचा गोल अकरा वर्षं राखला, त्याच्याशी आपलं बिनसेल ते बसमधल्या एका सीटवरून, असं गोलकीपरला कुणी आधी सांगितलं असतं तर तो खो खो हसला असता. पण जुना करार संपून आठवडा झाला होता, तिसरी बैठक चालू होती आणि नवा करार मॅनेजरांच्या टेबलावर सहीवाचून पडून होता. पगाराचं पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत जमलं. वर्षं दोन मागितली, दोन मिळाली. अडलं ते एवढ्यावरच: संघाच्या बसमध्ये पहिल्या रांगेतली, पाय पसरता येतील अशी सीट त्याला हवी होती, आणि तिथे कोच बसत.

कारण होतं त्याचा उजवा गुडघा. मैदानात अंग तापलं की हा गुडघा अगदी शहाण्यासारखा वागे, पण तासभर दुमडून बसलं की जो आखडे तो आखडेच. मागच्या मोसमात बसमधून उतरल्यावर तीनदा त्यानं बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं होतं. हे फक्त बायकोला ठाऊक.

"सांगून टाका ना एकदाचं," ती म्हणाली होती. "इथंच राहायचंय ना तुम्हाला?"

राहायचं तर होतंच. दुसऱ्या संघाचं बोलावणं आलं होतं, पण तो दिवसभराच्या प्रवासावर. बायकोची नोकरी, पोरीची शाळा सगळं इथे. पण अडतिशीतला गोलकीपर गुडघ्याचं नाव काढतो होय? नाव काढलं की डॉक्टर, आणि डॉक्टर आला की करार गेला, असं त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं.

"अरे, गाडी मागितली असतीस तर दिली असती," मॅनेजर म्हणाले. "हे सीटचं काय खूळ घेऊन बसलायस?"

"मानाचा प्रश्न आहे, साहेब."

बोलला खरा, पण त्याचं त्यालाच हसू आलं. अख्खा संघ त्याला 'ए भिंत' म्हणून हाक मारी आणि तो मुकाट ओ देई.

शेवटी मॅनेजरांनी कोचना बोलावलं. "सीट? घे की बाबा," कोच म्हणाले. "पण मग माझी दुसरीकडे सोय लावा. माझे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. पहिल्याच दिवशी साहेबांना सांगितलं, म्हणून तर ती सीट मिळाली."

मॅनेजर पुढे वाकले. "तुझंही तसलं काही असेल तर बोल. पुढची आणखी एक सीट काढून जागा करू. मला तू हवायस रे."

शब्द अगदी ओठांवर आला होता. पण समोरून सरळ आलेला प्रत्येक चेंडू हुलकावणीच समजायचा, ही त्याची जन्माची सवय. गोड बोलून गुडघा काढून घेतायत, तो मनात म्हणाला.

"मला? मी ठणठणीत आहे," म्हणत त्यानं गुडघ्यावर थाप मारली. ती नेमकी नको तिथे बसली. डोळ्यांत पाणी आलं. मॅनेजरांना वाटलं, गडी गहिवरला.

"मग नुसत्या मानासाठी मी दुखणाऱ्या माणसाला उठवू? नाही जमायचं."

"मग राहिलं," तो म्हणाला. कराराशेजारीच तयार ठेवलेल्या, संघ सोडत असल्याच्या कागदावर त्यानं फर्रकन सही केली आणि तो उठला. दीड तास बसला होता.

दोघं त्याला दारापर्यंत सोडायला आले. जिना उतरताना त्यानं दात आवळले, कठडा घट्ट धरला आणि एकेक पायरी सावकाश, मान वर ठेवून घेतली.

"बघा, बघा," वरून कोच म्हणाले. "काय तोरा! वळूनसुद्धा बघत नाही."

"अकरा वर्षांत असा नव्हता हो," मॅनेजर म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता.

कुणाला काही कळलं नाही म्हणून त्याला हायसं वाटलं, आणि लगेच रडावंसं वाटलं. घरी बायकोला काय सांगायचं हे ठरवायला अजून बावीस पायऱ्या होत्या.