ड्युटीच्या दिवशी गोळी नाही

मामाच्या डोळ्याचं गणित कुठेतरी चुकत होतं, आणि गणित चुकलं की चौकशीला घास गोड लागत नसे. चौकशी म्हणजे मामाची भाची. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, तिथेच राहिलं. बोलायला लागल्यापासून तिने 'का' आणि 'कसं' विचारून सगळ्यांना असं भंडावून सोडलं, की मामाने तिला चौकशी म्हणायला सुरुवात केली आणि ते चिकटलं. पुढे या खोडीचाच पगार मिळायला लागला. एका प्रयोगशाळेत ती उंदरांच्या डोळ्यांतल्या पेशी बघत बसायची. बघत बसायचे पैसे देतात, याचं मामीला अजूनही नवल वाटे.

मामा एका मोठ्या गोदामाच्या फाटकावर पहारेकरी. मूर्ती लहान, पण मिशी आणि आवाज असा की मालकाची गाडीसुद्धा पास दाखवल्याशिवाय आत जात नसे. त्याच्या डाव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आली होती. बाहेरून डोळा चांगला, आतून सगळं धुकं. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच उगाचच्या उगाच डोळ्यावर उठल्या होत्या. डॉक्टरबाईंनी सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या, रोज एक, न चुकता. मामा रजेवर होता तोवर डोळा सुधारला. कामावर गेला आणि बिघडला. पुन्हा रजा काढली, पुन्हा सुधारला. पुन्हा कामावर, पुन्हा तेच. आता तर उजव्या डोळ्यापुढेही काळे ठिपके तरंगायला लागले होते.

"गोळ्या लागू पडत नाहीयेत असं दिसतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सोमवारी या काका. जास्त कडक औषध सुरू करू."

त्या औषधाने आणखी काय काय होऊ शकतं हे त्यांनी सांगितलं, तेव्हा मामीने 'नको ते औषध' म्हणून हात जोडले. मामा मात्र मिशीवरून हात फिरवत गप्प बसला होता. मामा गप्प बसला ही गोष्ट कोणाच्या नाही तरी चौकशीच्या लक्षात आली.

गोदामातच काहीतरी असणार, असं तिने गृहीत धरलं. धूळ असेल, फाटकावरचे झगझगीत दिवे असतील, जागरण असेल. शनिवारी दुपारी ती सरळ त्याच्या केबिनमध्ये जाऊन धडकली. केबिन कसली, उभी पेटीच ती. एक खुर्ची, पंखा, खुंटीवर शिटी. चौकशीने खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं, धूळ पाहिली, दिव्याचा रोख पाहिला, पोत्यांत काय असतं विचारलं, फवारणी करतात का विचारलं.

"आता माझी झडती घे," मामा म्हणाला.

"घेते ना. गोळी कधी घेतोस? जेवणाआधी की नंतर?"

मामाला खोटं बोलता येत नसे. त्याने बाहेर पाहिलं, एका ट्रकला उगाचच थांबवून पुढे जाऊ दिलं, आणि म्हणाला, "नंतर. सुट्टीच्या दिवशी."

"आणि ड्युटीच्या दिवशी?"

"ड्युटीच्या दिवशी नाही."

चौकशीने कपाळाला हात लावला. "अरे मामा, का?"

"तूच तर सांगितलंस! डोळ्याच्या पडद्यात त्या पेशी असतात, काय ते मायक्रो..."

"मायक्रोग्लिया."

"हां, त्या. तुझ्यासारख्याच पहारेकरी, म्हणालीस. आणि ही गोळी त्यांना झोपवते, म्हणालीस." मामाचा आवाज चढला. "मी इथे डोळ्यात तेल घालून उभा राहायचं आणि डोळ्यातला माझा माणूस झोपवायचा? ड्युटीवर झोपला म्हणून मी स्वतः एकाला घरी बसवलंय. सुट्टीत झोपवतो मी त्यांना. त्यांनाही विश्रांती हवी."

हसावं की रडावं हे चौकशीला कळेना. दवाखान्यातल्या बाकावर, मामाला सोपं जावं म्हणून, तिनेच 'झोपवते' हा शब्द निवडला होता. दुसऱ्या कोणाला सांगितला असता तर त्याने मान डोलावली असती आणि गोळी घेतली असती. पहारेकऱ्याला सांगितला म्हणून घोटाळा झाला. तिला स्वतःचा भयंकर राग आला, आणि मामाची मायाही आली.

रविवारी ती त्याला प्रयोगशाळेत घेऊन गेली. इमारत रिकामी होती, दुसऱ्या मजल्यावर यंत्रांची घरघर तेवढी चालू. तिने त्याला संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं.

"हा निरोगी उंदराचा डोळा. जिवंत. हिरव्या दिसतात ते तुझे जातभाई."

हिरव्या पेशी जागच्या जागी होत्या. प्रत्येकीला बारीक फांद्या, आणि त्या सतत पुढे येत, चाचपत, मागे जात. मामा पुढे झुकला. "गस्त घालतायत," तो खूश होऊन म्हणाला.

मग तिने सुजलेल्या डोळ्याचं चित्रण लावलं. इथे फांद्या आखडल्या होत्या. पेशी गोल होऊन एका रक्तवाहिनीला चिकटून जमल्या होत्या. थोड्या वेळाने त्या वाहिनीतून लाल ठिपके आत शिरायला लागले. आधी एखादा, मग लोंढाच.

मामा ताठ बसला. "आतल्याने दार उघडलं. फितूर!"

"फितूर नाही रे. खोटी खबर लागली. शत्रू आलाय असं वाटून बाहेरून कुमक मागवली, आणि कुमकेनेच घर फोडलं. निदान उंदरांत तरी असंच दिसतंय."

"खोटी खबर दिली कोणी?"

"तेच तर शोधतेय ना मी इतकी वर्षं!" चौकशी असं म्हणाली खरी, आणि त्याच्या तोंडून तिचाच प्रश्न ऐकून तिला फार बरं वाटलं.

तिसरं चित्रण औषध दिलेल्या डोळ्याचं होतं. लाल ठिपके विरळ झाले होते. हिरव्या पेशींच्या फांद्या पुन्हा फुटल्या होत्या, काही अजून आखूड, पण हलणाऱ्या. मामाने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"हे झोपलेले नाहीत," तो म्हणाला.

"नाहीत. शांत झालेत. माझा शब्द चुकला, मामा."

"शांत म्हणायचं होतंस मग." त्याने तिच्या डोक्यावर टप्पल मारली. "उद्या डॉक्टरबाईंना मीच सांगतो. गोळी लागू पडत नाही असं नाही, मीच ती लागू पडू दिली नाही. तू मध्ये तोंड घालू नकोस." मग जरा थांबून त्याने विचारलं, "डाव्यातलं जे गेलं, ते येईल परत?"

थाप मारणं सोपं होतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. उजवा वाचेल असं वाटतं. डाव्याचं सांगता येत नाही."

मामाने मान हलवली आणि उठला. तिने यंत्र बंद केलं, कुलूप लावलं. नेहमीप्रमाणे तो तिच्यापुढे चालत जिन्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. मागे न बघता त्याने डावा हात बाजूला धरला.

"धर," तो म्हणाला. "या बाजूची पायरी मला दिसत नाही. बरेच दिवस झाले. घरी कोणाला बोललो नाही."

चौकशीने काही न विचारता त्याचा हात घट्ट धरला.