जाड नळीला कुणी हात लावला नाही

अहो, जरा खाली बघा. गॅरेजच्या भिंतीला जुने टायर रचलेत ना, त्यांच्या शेजारी, फुटक्या बादलीत. तो तेलकट लोखंडी गोळा म्हणजे मी. एका गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर. लोक मला भंगार म्हणतात. म्हणोत बापडे. पण मी बिघडलेलो नव्हतो, हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला सुखाने गंजतासुद्धा येणार नाही.

एसी म्हटलं की तुम्हाला समोरच्या जाळीतून येणारा गार वारा तेवढा माहीत. ताटातलं गोड लागतं, चुलीपुढे कोण भाजतंय ते कुणी विचारत नाही, तसंच हे. मी इंजिनाच्या कुशीत, खाली, धुळीत आणि आचेत बसायचो. आत बटण दाबलं की 'टक्' करून इंजिनाचा पट्टा धरायचो आणि गरगर फिरायचो. गॅस दाबायचा, पुढे ढकलायचा, गाडीला गारवा देऊन तो माघारी आला की पुन्हा दाबायचा. तो माघारी येतो एका जाड नळीतून. मी नीट काम करत असलो की त्या नळीला बाहेरून घाम फुटतो, गार पाण्याच्या तांब्याला फुटतो तसा. हा घाम लक्षात ठेवा. माझं सगळं मरण त्यातच आहे.

माझा जन्म कारखान्यातला. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. तिने बोटांनी माझी पुढची चकती फिरवली, कान लावला, "हा छान फिरतो," म्हणाली आणि माझ्या पाठीवर हिरव्या रंगाचा ठिपका दिला. जन्मभरात माझं तोंडावर झालेलं कौतुक ते तेवढंच.

मग मी गाडीत बसलो आणि गाडी एका घरात गेली. घरात माणसं तीन. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. वर्षाच्या आत चौथं माणूस आलं. मुलगी. पाळण्यात हातपाय इतके फिरवायची की आजीने तिचं नाव 'भिंगरी' ठेवलं.

भिंगरीची आई पहिलटकरीण, त्यातून मुलखाची घाबरट. पोरीला शिंक आली तरी तिचा जीव खालीवर. त्यात सासूबाई मागच्या सीटवरून तेल ओतायच्या.

"वारं लागू देऊ नकोस गं पोरीला. छाती भरली म्हणजे बसशील मग डोकं धरून."

झालं! नवऱ्याने एसी लावला की बायको बंद करायची. तो पुन्हा लावायचा. "अगं, मी काय शिजून मरू का?" ती समोरच्या जाळ्या हाताने झाकायची. टक्, बंद, टक्, बंद. मला मेलं धड फिरूही देत नव्हते आणि झोपूही देत नव्हते.

पुढच्या काचेच्या पायथ्याशी एक लांबट फट असते. तिथूनही वारा येतो. एके दिवशी भिंगरी आईच्या मांडीवर निजली होती आणि तो वारा तिच्या टाळूवर येत होता. आईने इकडेतिकडे बघितलं. पोरीच्या पायातला मोजा निम्मा निघालाच होता. तिने तो काढला, गुंडाळला आणि फटीत कोंबला. पिवळ्या लोकरीचा, टाचेला लाल टाका घातलेला. बाळंतपणाआधी तिने स्वतः विणला होता. शाळेत शिकलेलं तेवढंच विणकाम तिला येत होतं.

पुढे रस्त्यात खड्डा आला. गाडी आदळली आणि मोजा आत गेला. आईने केसांतली पिन काढून फटीत घातली. काढायला गेली आणि तो आणखी खाली ढकलला गेला. तिने नवऱ्याकडे चोरून बघितलं. त्याचं लक्ष रस्त्यावर. ती गप्प बसली. एक मोजा तो, त्याचं काय सांगायचं? दुसरा तिने घरी कपाटात टाकला.

भिंगरी दीड वर्षाची झाली. उन्हाळा आला की पोर लालबुंद व्हायची, अंग तव्यासारखं तापायचं. औषधं झाली, दृष्ट काढून झाली. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं.  परत येताना गाडीत सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"घाम," आई म्हणाली. "विचारत होत्या, हिला कधी घाम आलेला बघितलाय का."

"मग?"

"नाही बघितला. मला वाटायचं, गुणाची आहे माझी पोर. झबली मळवत नाही." तिने पोरीच्या कोरड्या मानेवरून हात फिरवला. "हिच्या अंगात घामच नाही आई. अंग आपलं आपण गार होत नाही. फार तापली तर झटके येतील म्हणाल्या. जन्मभर गार ठेवायचं हिला."

 सासूबाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं बाई. पोटुशी असताना काय काय खाल्लंस, देवाला ठाऊक."

 नवऱ्याने फक्त बटण दाबलं. टक्. या वेळी बायकोने ते बंद केलं नाही.

त्या दिवसापासून माझे दिवस पालटले हो! आता पोरीला बसवायच्या आधी मला चालू करायचे. गाडी गार झाली की मग आई पोरीला पदराखाली घेऊन धावत यायची. दवाखाना लांब, दोन तासांचा रस्ता, आणि महिन्यातून एकदा जावंच लागायचं. बाहेर डांबर वितळायचं आणि आत भिंगरी गालाखाली हात घेऊन झोपायची. तिच्या अंगाला घाम नाही, म्हणून माझी नळी तिच्या वाटचा घाम गाळायची. आई कधी कधी समोरच्या फळीवर थोपटायची, "बाबा रे, तू आहेस म्हणून." यंत्राला काय कळतं म्हणता? मला कळत होतं.

मग एका दुपारी, दवाखान्याच्या अर्ध्या वाटेवर, गाडी पुन्हा एका खड्ड्यात आदळली.

आत एक झडप असते. गार वाऱ्याची वाट एकीकडे, इंजिनाच्या गरम वाऱ्याची दुसरीकडे, आणि मध्ये ही झडप. तो पिवळा मोजा इतके दिवस वर कुठेतरी अडकून होता. तो घसरला आणि नेमका झडपेच्या फटीत बसला. आता गरम वाट बंदच होईना. मी आपला जीव तोडून फिरतोय, नळीला घाम फुटलाय, आणि आत मात्र जाळीतून गरम वारा!

"अहो, हात लावून बघा हिला! तापली! तापली ही!" आईने बाटलीतलं पाणी पोरीच्या डोक्यावर ओतलं, पदर भिजवून छातीवर ठेवला. भिंगरीचे डोळे अर्धवट मिटले होते. नवऱ्याने झाडाखाली गाडी लावली आणि दोघं पुठ्ठ्याने वारा घालत बसली. त्या दिवशी झटका आला नाही, एवढंच. दवाखाना राहिला. ऊन उतरल्यावर गाडी तशीच माघारी वळवली आणि वाटेतच या गॅरेजमध्ये आणली.

गॅरेज म्हाताऱ्याचं. पण त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि कारभार जावयाकडे गेला. म्हातारा दारात खुर्ची टाकून बसतो. जावई भला चपळ. गिऱ्हाइकाचं बोलणं संपायच्या आत त्याचं दुखणं ठरलेलं असतं. त्याने जाळीपुढे पंजा धरला आणि म्हणाला, "गॅस संपलाय साहेब."

दारातून म्हातारा म्हणाला, "जावईबापू, आधी जाड नळीला हात लावून बघा."

"मामा, तुम्ही चहा घ्या. निवतोय."

"मी तीस वर्षं..."

"तेव्हा बैलगाड्यांना एसी होते का मामा?" दोन गिऱ्हाइकं हसली. म्हातारा चहा प्यायला.

गॅस पुरेपूर असताना वर आणखी गॅस भरला. भरल्या पोटी माणसाला पुन्हा पंगतीला बसवावं तसं. माझी छाती दडपली. फिरताना मी कण्हायला लागलो. आणि वारा? तो गरमच. "दोन-तीन दिवसांत मुरेल," म्हणून जावयाने गाडी परत पाठवली. पण मोजा काय गॅस भरून निघतो?

चौथ्या दिवशी गाडी पुन्हा दारात. बिचारी माणसं सकाळी लवकर निघाली होती, पण जावयाने ताटकळत ठेवून ऊन वर आणलं. भिंगरीला ओल्या पंच्यात गुंडाळून आई टेबलफॅनपुढे बसली. बर्फ संपला म्हणून नवरा लांबच्या बर्फाच्या कारखान्याकडे पळाला. जाता जाता सांगून गेला, "काय हवं ते बदला, पण आज गार झालं पाहिजे. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

जावयाने झाकण उघडून माझा आवाज ऐकला. "ऐकलंत का वहिनी? कशी घरघर लागलीय! हा गेला. कॉम्प्रेसरच बदलायचा."

घरघर तुझ्यामुळे लागली ना रे! पण मला कुठलं तोंड? पाने चालले, नळ्या सुटल्या आणि मी धाडकन या बादलीत येऊन पडलो. माझ्या जागी नवा बसला. 'टक्' झालं. जावयाने ऐटीत जाळीपुढे पंजा धरला.

वारा गरम.

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेवढ्यात म्हातारा उठला. गाडीला हात टेकत टेकत पुढे आला आणि नव्याच्या जाड नळीला हात लावला. "हिला घाम आलाय. मग आत गरम कसं? झडपेत बघा."

जावयाने समोरचा कप्पा उतरवला, आत हात घातला, चाचपलं आणि बाहेर काढला. मळलेला, पण पिवळा. टाचेला लाल टाका. काढल्याबरोबर जाळीतून असा काही गार वारा सुटला की टेबलफॅनपुढून आई नकळत उभी राहिली.

म्हाताऱ्याने मोजा डोळ्यांजवळ नेला, अंगठ्याने टाका चाचपला. "हाताने विणलेला दिसतो. पोरी, तुमचाच ना हा?"

आईने मोज्याकडे बघितलं. मग बादलीत माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलेल. ती एक शब्द बोलली असती तर मी पुन्हा जागेवर बसलो असतो. पण मला तिच्या कपाळावर दिसत होतं. मागच्या सीटवरचं सासूबाईंचं तोंड, खिडकीकडे वळलेलं. पोटुशी असताना काय खाल्लंस. आणि आता हेही? पोरीला उन्हात तडफडवलं ते आईच्याच हाताने?

"नाही," ती म्हणाली. "आमचा नाही."

जावयाचा जीव भांड्यात पडला. "उंदराने ओढून आणला असेल, वहिनी. उंदीर काय वाटेल ते नेतात."

"हो, उंदीरच," आई म्हणाली.

 म्हाताऱ्याला दिसत कमी होतं, कळत कमी नव्हतं. पण जावयाच्या घरी जेवणाऱ्याची जीभ दातांखाली असते. त्याने मोजा तिच्या हातात ठेवला आणि खुर्चीवर जाऊन बसला. आईने मूठ मिटली.

नवरा बर्फ घेऊन धापा टाकत आला. "काय झालं होतं?"

"कॉम्प्रेसरच गेला होता साहेब."

भिंगरी गार वाऱ्यात बसून हसत होती. ते बघून नवऱ्याचे डोळे भरले. मग त्याने बादलीला लाथ घातली. "मेल्या, माझ्या पोरीच्या जिवावर उठला होतास!"

चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकली होती. इथे तर चोरही नव्हता हो. एक भ्यालेली आई होती आणि एक लोकरीचा मोजा. त्या बाईवर राग धरावा तर पोरीच्या छातीवर ओला पदर ठेवणारे तिचे हात आठवतात. न धरावा तर ही बादली आहे.

परवा ती गाडी तेल बदलायला आली होती. भिंगरी आता धावते. डोक्याला ओला रुमाल बांधून ती थेट माझ्यापाशी आली, उकिडवी बसली आणि तिने बोटाने माझी चकती ढकलली.

मी फिरलो. इतक्या दिवसांचा गंज घेऊनही एक अख्खा वेढा फिरलो, कारखान्यातल्या बाईने फिरवला होता तसा. पोर टाळ्या पिटून ओरडली, "आई, फिरतंय!"

आई लगबगीने आली. तिने मला बघितलं आणि ओळखलं. दारात म्हातारा मान खाली घालून बसला होता.

"हात लावू नकोस भिंगरी," ती हळूच म्हणाली. "बिघडलेलं आहे ते."

आणि पोरीचं बोट पदराने पुसत ती तिला गार गाडीत घेऊन गेली.

भंगारवाला उद्या येणार आहे. माझं काही मागणं नाही. फक्त कुणाला बिघडलेलं म्हणायच्या आधी एकदा त्याच्या जाड नळीला हात लावून बघा. घामाने ओली लागेल. माझी लागली असती.