सरपणाच्या खोपीवरचा पत्रा

मित्रांनो, मी पत्रा. जस्ताचा, पन्हळी, वयानं पोक्त आणि रंगानं आता कोऱ्या चहासारखा. मुकुंदवाडीत काकासाहेबांच्या घरामागं सरपणाची खोपी आहे, तिच्यावर मी पडलेला असतो. पत्र्याला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटंल. पण जो छप्पर होतो त्याला खालची माणसं वरून दिसतात, आणि वरून दिसणारी माणसं लई वेगळी असतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. लोखंड लाटून त्याचा पापड केला, उकळत्या जस्तात बुचकळून काढला आणि दाबून अंगाला पन्हळी पाडल्या. माणसाच्या लेकराचं नशीब सटवाई लिहून जाते म्हणतात. माझ्या पाठीवर कंपनीनं निळा शिक्का मारला आणि नशीब दुकानदारावर सोडलं.

काकासाहेबांनी मला पाचोडच्या बाजारातून घेतलं ते गोठ्यासाठी. तिथं माझी उमेदीची वर्षं गेली. खाली बैल, वर ऊन. उन्हाळ्यात माझ्यावर भाकरी टाकली असती तर फुगली असती. एकदा अशा गारा पडल्या की शेजारच्या गोठ्याची सगळी कौलं फुटली, माझ्या अंगावर नुसते देवीचे व्रण राहिले. तेव्हा काकासाहेब मला थाप मारून पाहुण्यांना सांगायचे, "ह्याला म्हणायचं पत्रा." मित्रांनो, कौतुक जरा जपून ऐकावं. चार लोकांत पाठ थोपटणाराच पुढं चार लोकांत तुमची लाज वाटते म्हणतो.

मग काकासाहेबांना शहरात कंपनीत नोकरी लागली. जमीन बटाईनं दिली, बैल विकले, गोठा मोडला आणि मी टेम्पोत सगळ्या सामानाच्या वर बसून मुकुंदवाडीला आलो. घरामागं मोकळी जागा होती. तिथं चार खांब रोवून द्वारकाबाईनं, म्हणजे काकासाहेबांच्या बायकोनं, सरपणाची खोपी करून घेतली आणि मला वर चढवलं. मागचे खांब मुद्दाम बुटके ठेवले, म्हणजे पाणी मागं पळावं. घरात गॅस आला, भिंतीला गीझर आला, पण द्वारकाबाईचा तांब्याचा बंब काही हटला नाही. माझ्याखाली लाकूड कोरडं राहायचं आणि रोज सकाळी बंबातून धूर निघायचा. माझं बरं चाललं होतं.

आता मुद्द्याचं सांगतो. ह्यांची एकुलती लेक तनुजा पिशोरला दिलेली. लग्न झाल्यापासून ती माहेरी यायची ती जेवायला, आणि हात वाळायच्या आत सासरची जीप दारात उभी राहायची. तिला दिवस गेले तेव्हा द्वारकाबाईनं एकच धोशा लावला, पहिलं बाळंतपण माहेरीच. रिवाजच तो. सव्वा महिना लेक आपल्या हाताखाली, आपल्या घरात, कुणी जीप घेऊन येणार नाही. पण विहीणबाई मोठ्या खमक्या. त्यांनी निरोप धाडला की शहरात कसलं बाळंतपण, तिथं ना चूल ना शेक, गीझरच्या पाण्यानं बाईची हाडं भरत नसतात. द्वारकाबाईनं उलटा निरोप पाठवला की बाभळीचा शेक देईन, बंबाचं पाणी घालीन, स्वतः येऊन बघा. विहीण म्हणाली, "येईन की. धड दिसलं नाय तर त्याच पावली लेकरू घेऊन माघारी जाईन."

झालं. पाचोडच्या बांधावरची वाळलेली बाभूळ तोडून टेम्पोनं आली. द्वारकाबाईनं ती पुढं उभं राहून फोडून घेतली, आपल्या हातानं रचली, आणि उन्हाळाभर तिच्यावर अशी नजर ठेवली जशी बाकीच्या बायका पापडांवर ठेवतात. गॅसवर पाणी तापतं, पण गॅसला निखारे नसतात. बाजेखाली ठेवायला निखारेच लागतात. मी वरून सगळं ऐकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण काही महत्त्वाचं झाकून बसलोय.

तेवढ्यात माझ्या खिळ्याजवळ गंजून बोराएवढं भोक पडलं.

द्वारकाबाई म्हणाली, डांबराचं ठिगळ लावा. काकासाहेबांना ते पटंना. विहीण येणार, तिला मागच्या दारातून काय दिसणार? गंजका पत्रा. "पाव्हण्यात नाक कापून घ्यायचं का?" ते म्हणाले.

"विहीण निखारा बघंल. पत्रा कशाला बघती?" द्वारकाबाई म्हणाली.

पण घरात ठराव झाला की नवं छप्पर आणायचं, स्वस्त आणि टिकाऊ. मला खाली काढून कंपाउंडच्या भिंतीला उभं केलं. वर नवं काही येईस्तोवर सरपणावर एक जुनी सतरंजी टाकली. छप्पर निवडण्याचं काम शिवराजकडं आलं. शिवराज हा तनुजाचा धाकटा भाऊ, घरी बसून कॉम्प्युटरवर काम करणारा. त्यानं मोबाइलवर छपरांचा असा काही अभ्यास मांडला की तेवढ्यात नवी कॉलनी उभी राहिली असती. कोणतं किती वर्षं टिकतं, कोणतं किती तापतं, कुठल्या देशात काय घालतात. द्वारकाबाई रोज आभाळाकडं बघायची आणि शिवराज रोज मोबाइलकडं.

पहिल्यांदा सिमेंटचा पत्रा बघायला बापलेक दुकानात गेले. काकासाहेबांची खाट घेतानाची एक जुनी सवय आहे, बसून बघायची. त्यांनी सिमेंटचा पत्रा दोन विटांवर ठेवायला लावला आणि त्यावर बसून बघितलं. पत्रा मधोमध मोडला. दुकानदारानं तो त्यांच्या गळ्यात मारला. दोन तुकडे रिक्षात घालून घरी आले, ते आता तुळशीपुढं फरशी म्हणून पडलेत.

मग शिवराजनं ऑनलाइन फायबरची शीट मागवली. लई स्वस्त मिळाली म्हणून आठवडाभर शेजाऱ्यांना सांगत होता. पार्सल आलं तेव्हा मांजरालाही सावली पडणार नाही एवढी हिरवी टिकली निघाली. ती नमुन्याची शीट होती आणि किंमतही नमुन्याचीच. परत पाठवायची तर पाठवणीचा खर्च जास्त. काकासाहेब तिच्यावर आता सुपारी कातरतात.

राहिला रंगीत पत्रा. तो खरंच बरा होता. पण इथं काकासाहेबांचं राजकारण आडवं आलं. निवडणूक तोंडावर, आणि दुकानात होते त्या सगळ्या रंगांना कुणी ना कुणी मालक. भगवा घेतला तर एकजण रुसणार, हिरवा घेतला तर दुसरा, निळा घेतला तर तिसरा विचारणार की आमच्याकडं कधी आलात. घराच्या कडेनं खोपी रोडवरनं दिसते. काकासाहेबांनी बिनरंगाचा पत्रा विचारला. दुकानदार म्हणाला, तसला तर तुमच्या भिंतीला उभाय.

मी मनात म्हटलं, चला, आता तरी. पण नाही.

त्याच दिवसांत सुदर्शनभाऊंचा वाढदिवस झाला. भाऊ म्हणजे वॉर्डातले होतकरू, कुठल्याच पक्षाचे नाहीत कारण कुणी घेतलेलं नाही. त्यांचा फ्लेक्स चौकात लागला होता. मधी भाऊ, काळा गॉगल, कानाला फोन. खालच्या रांगेत शुभेच्छुक. आणि त्या रांगेत अगदी कडेला काकासाहेब. फोटो कुणाच्या तरी लग्नातून कापलेला, त्यामुळं त्यांच्या खांद्यावर एक बिनमाणसाचा हात राहून गेलेला. वाढदिवस सरला, फ्लेक्स उतरवला, आणि काकासाहेब तो गुंडाळी करून घरी घेऊन आले. फुकट, वॉटरप्रूफ, आणि वर आपला फोटो. स्वस्त म्हणावं तर ह्याहून स्वस्त काय असतं?

द्वारकाबाई म्हणाली, पांढरी बाजू वर करा आणि खिळे मारा. काकासाहेब चिडले.

"भाऊंचं तोंड सरपणात घालू? उद्या रस्त्याचं काम घेऊन कुठल्या तोंडानं जाऊ त्यांच्याकडं?"

"अवो, सरपण भिजंल. लेक यायचीय."

"कागद आहे का तो? फ्लेक्स आहे. काय होत नाय."

मग काय काय झालं ते मी भिंतीला टेकून बघितलं. फ्लेक्सला खिळा मारायचा नाही, कारण कुठंही मारला तरी कुणाला तरी लागतो. तेव्हा चारी कोपऱ्यांना सुतळी बांधली. पसरताना काकासाहेबांचा फोटो रोडकडं आला पाहिजे होता. तसा केला तर भाऊंचं डोकं मागच्या बुटक्या खांबांकडं गेलं, म्हणजे डोकं खाली, पाय वर. हे काही बरं दिसंना. म्हणून मागच्या खांबांवर विटा रचून खोपी सपाट केली. पाणी पळायला जो उतार द्वारकाबाईनं ठेवला होता तो भाऊंच्या मानासाठी गेला. आता सगळे खूश होते, फक्त पाण्याला जायला जागा नव्हती.

पाऊस आला तसं पाणी भाऊंच्या तोंडावर साठायला लागलं. फ्लेक्सला पोट सुटलं. गॉगलमधी कबुतरं अंघोळ करू लागली. द्वारकाबाई खालून काठीनं ढोसून पाणी सांडवायला गेली तर काकासाहेबांनी काठी धरली. खालून ढोसलं की काठी नेमकी भाऊंच्या नाकाला लागत होती. शेजारचे सर्जेराव गच्चीवरून रोज बघायचे. ते म्हणाले, "काकासाहेब, भाऊला सर्दी व्हईल. एखादा टॉवेल तरी ठेवा."

इकडं तनुजा दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप, दुसऱ्या दिवशी घरी आणायचं ठरलं आणि विहीणबाईही सोबत येणार असा निरोप आला. आता काकासाहेबांना घाम फुटला. ते शिडी लावून वर चढले आणि तांब्यानं पाणी उपसायला लागले. भाऊंच्या कपाळावरून तांब्या भरायचा आणि बाजूला सोडायचा. रोडवरनं बघणाऱ्याला अभिषेक चाललाय असंच वाटावं. सर्जेरावांनी गच्चीवरून हात जोडले. एक-दोन जाणाऱ्यांनी मोबाइल काढले. ते बघून काकासाहेब लाजले, तोंड लपवायला वळले, शिडी सरकली आणि त्यांनी हाताला आला तो फ्लेक्स धरला.

सगळं तळं खाली आलं. फ्लेक्स भाऊ आणि शुभेच्छुक यांच्या बरोबर मधून फाटला. काकासाहेब चिखलात बसले होते, हातात स्वतःचा फोटो. त्यांना काही लागलं नाही. द्वारकाबाई त्यांच्याकडं गेलीच नाही. ती सरपणाकडं गेली. एक ढलपी उचलली, गालाला लावून बघितली आणि तशीच उभी राहिली. उन्हाळाभर वाळवलेली बाभूळ काळी पडून ठिबकत होती.

मित्रांनो, हसून घ्या. मीही हसलो असतो, पत्र्याला हसता आलं असतं तर.

दुसऱ्या दिवशी तनुजा आली. ओल्या लाकडानं बंब पेटवला. रॉकेल नाही, म्हणून शिवराजनं त्याच फ्लेक्सचे तुकडे आत घातले. त्यानं असा धूर निघाला की काय सांगू. घर काळं झालं. तनुजाचे डोळे सुजले. लेकरू आधी शिंकलं, मग खोकायला लागलं. शिवराज म्हणाला, कोळसे ऑर्डर करतो, परवा येतील. विहीणबाई उठल्या.

"आमच्या पिशोरात धूर चुलीतनं निघतो विहीणबाई, बाळंतिणीच्या डोळ्यांतनं नाय निघत."

"एक दिवस द्या," द्वारकाबाई म्हणाली. "शेजारून कोरडं आणते. एकच दिवस."

"छप्पर तरी धड ठेवायचं व्हतं. लेक आणायची हौस लई."

तनुजा बाजेवरून सासूला म्हणाली, "आत्या, मी ऱ्हाते ना इथं. आईजवळ." तिच्याकडं कुणी बघितलं नाही. बघितलं ते फक्त तिच्या आईनं, आणि लगेच मान फिरवली. द्वारकाबाईनं भांडण केलं नाही. तिनं लेकराला दुपट्यात नीट गुंडाळलं, कानपट्टी बांधली, गालाला काजळाचं बोट लावलं आणि स्वतःच्या हातानं विहिणीच्या हातात दिलं. जीप गल्लीच्या तोंडाशी गेली तरी ती दारातच होती. सव्वा महिना राहायला आलेली लेक दुपारच्या चहापर्यंत थांबली.

संध्याकाळी काकासाहेब अंगणात आले आणि मला लाथ मारून म्हणाले, ह्या मेल्या पत्र्याला भोक पडलं नसतं तर हे काय झालं नसतं. भाऊंना कुणी काही म्हणालं नाही.

द्वारकाबाईनं मात्र मागच्या खांबांवरच्या विटा काढून फेकल्या. मला भिंतीपासून ओढत आणलं, एकटीनं वर चढवलं, भोकावर चिखल थापला. सरपणाची एकेक ढलपी पुन्हा उभी-आडवी रचली, हवा खेळावी अशी. शिवराज बघत होता. त्यानं विचारलं, "आई, आता कुणासाठी? ताई तर गेली."

"वाळू दे," ती म्हणाली. "माझ्या वेळंला तरी कोरडं मिळंल."

शिवराज आत निघून गेला. ती तिथंच खोपीला टेकून बसली.

तेव्हापासून मी हे सरपण झाकून आहे, आणि त्याची घाई कुणालाच होऊ नये अशी माझी इच्छा आहे. मित्रांनो, तुमच्या घरातली बाई पाऊस यायच्या आधी काही झाकायला सांगत असंल, तर त्याच दिवशी उठा आणि झाका. पाहुणे काय म्हणतील, रोडवरनं काय दिसंल, ते नंतर बघा. तिनं काय वाळवत ठेवलंय आणि कुणासाठी, एवढं तिला एकदा विचारा.