हजरचा कुकर

मी एक जुना प्रेशर कुकर आहे, मित्रांनो. अंगावर पोचे आहेत, बूड काळं पडलं आहे. माझ्याकडे कौतुकानं बघावं असं आता फारसं काही उरलेलं नाही. पण एका मुलीची गोष्ट मला जवळून ठाऊक आहे, आणि ती तुम्ही ऐकावी असं मला वाटतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या चकतीवर यंत्राचा दाब पडला आणि मी भांडं झालो. मग मला घासून असं लखलखीत केलं की कामगार माझ्यात बघून केस सारखे करत. एका कुटुंबानं मला विकत घेतलं. तिथे मी बरीच वर्षं राबलो. पुढे माझी मूठ तडकली, घरात नवा कुकर आला आणि मला दान करायचं ठरलं. दान या शब्दाला फार मान आहे. पण लोक बहुतेक वेळा आपल्याला नको असेल तेच दुसऱ्याच्या पदरात घालतात.

असा मी सहा मुलींच्या घरात आलो. या मुली बालगृहात वाढलेल्या. कोणाला आईवडील नव्हते, कोणाला असून नसल्यासारखे. अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावंच लागतं. मुली एकदम उघड्यावर पडू नयेत म्हणून त्यांना या घरात एकविसाव्या वर्षापर्यंत राहता येई. काम शोधायचं, बँकेत खातं उघडायचं, चार घास शिजवायला शिकायचं. शिकवायला एक काकू होत्या. त्या तिथेच राहत. जीभ तिखट, पण हात मऊ.

एक दिवस तिथे 'हजर' आली. हे काही तिचं खरं नाव नव्हे. बालगृहात रोज हजेरी व्हायची. त्यामुळे कोणी हाक मारली की ती ताडकन उभी राहून "हजर" म्हणायची. पहिल्याच दिवशी काकूंनी तिला जेवायला हाक मारली, तर न्हाणीघरातून उत्तर आलं, "हजर." मुली हसून हसून लोळल्या. नाव चिकटलं ते चिकटलंच.

ती मला भ्यायची. बालगृहाच्या स्वयंपाकघरात मुलींना मज्जाव होता, त्यामुळे तिनं शेगडीसुद्धा जवळून पाहिली नव्हती. माझी पहिली शिट्टी झाली तशी ती थेट अंगणात.

"अगं, तो चावत नाही," काकू म्हणाल्या. "नुसता ओरडतो. माझ्यासारखाच आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं भातासाठी तांदूळ घेतले ते माझ्या काठापर्यंत. मुली हसायला लागल्या. ती गोंधळून म्हणाली, "एका माणसाला किती लागतात ते मला कुठे माहीत? मी ऐंशी जणींचेच शिजताना बघितलेत, तेही खिडकीतून." मग कोणी हसलं नाही.

हळूहळू ती शिकली. एका हॉटेलच्या धुलाईखान्यात तिला चादरींना इस्त्री करायचं काम मिळालं. दिवसभर वाफेत उभं राहून तिला खोकला जडला, पण तिनं काम सोडलं नाही. एकविसावं सरलं तेव्हा काकूंनी तिच्याबरोबर फिरून एक खोली शोधली. मला नवी मूठ आणि नवी रिंग बसवली आणि तिच्या हातात दिलं.

"जुना आहे, पण दगा देणार नाही," त्या म्हणाल्या.

त्या खोलीतली पहिली संध्याकाळ मी विसरलेलो नाही. ती जेवायला बसली आणि घास हातात धरून तशीच राहिली. जन्मात कधी ती एकटी जेवली नव्हती. शेवटी उठून तिनं दार थोडं उघडलं. बाहेरची बोलणी ऐकू येऊ लागली, मग तिला घास गेला.

पुढे काकू थकल्या आणि दुसऱ्या गावी मुलाकडे राहायला गेल्या. त्याच सुमारास हजरच्या घरमालकिणीची सोन्याची साखळी हरवली. मालकीण दारात येऊन उभी राहिली.

"मी तुझ्यावर आळ घेत नाही. पण तुझ्या मागंपुढं कोणी नाही. उद्या काही झालं तर मी विचारायचं कोणाला?"

"काकूंना विचारा."

"त्या तुझ्या कोण?"

"काकू," हजर पुन्हा एवढंच म्हणाली. दोन दिवसांत तिला खोली सोडावी लागली.

ती मला पिशवीत घालून सहा मुलींच्या घरी आली. आता तिथे काकूंच्या जागी नव्या अधीक्षिका होत्या.

"फक्त आठवडाभर, ताई. दुसरी खोली मिळेपर्यंत."

"तुझं एकविसावं होऊन गेलंय गं. तुला ठेवलं तर उद्या सगळ्याच परत येतील. माझ्या हातात नाही."

बाईंच्या आवाजात कडवटपणा नव्हता. त्यामुळे भांडताही येईना. हजरनं मला ओट्यावर ठेवलं. "जड होतोय. नंतर नेते," ती म्हणाली. एका मुलीनं सुचवलं, "काकूंना फोन कर ना." तर म्हणाली, "नको. आत्ता कुठे त्यांना आयतं ताट मिळायला लागलंय."

ती गेली आणि परत आली नाही.

हिवाळा सरताना काकू आल्या. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून त्यांनी अधीक्षिकांना सगळं सांगितलं. तेव्हा मला कळलं.

"बसस्टँडवर झोपायची. सकाळी तिथेच तोंड धुऊन कामावर. थंडीत खोकला छातीत उतरला. कामावरच्या बाईनं सरकारी दवाखान्यात नेलं. कोणाला कळवू, असं नर्सनं विचारलं तेव्हा कुठे तिनं माझा नंबर दिला. मी पोचेपर्यंत संपलं होतं. साखळी मालकिणीच्या उशीच्या अभ्र्यात सापडली म्हणे."

अधीक्षिका भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"ताब्यात द्यायला घरचं माणूस हवं म्हणाले," काकू पुढे म्हणाल्या. "मी म्हटलं, मी आई. त्या माणसानं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. इतकं सोपं होतं ते. खोली बघायला गेलो तेव्हाच मालकिणीला सांगून टाकायला हवं होतं."

वरच्या लोकांनी नियम अजून बदललेला नाही. पण अधीक्षिकांनी आपल्या खोलीत एक जादा खाट टाकली आहे, आणि त्याबद्दल कोणाची परवानगी मागितलेली नाही. हजरला तिचा काही उपयोग नाही.

मित्रांनो, घरातली भांडी जपून वापरा, असं मी एरवी सांगितलं असतं. पण भांड्याला पोचा आला तरी ते चालतं. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत असं कोणी असेल, ज्याला 'तुझं कोण आहे?' या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. त्याला तो प्रश्न विचारू नका. त्याला जेवायला बोलवा, आणि तो निघाला की पुन्हा कधी येणार, ते विचारा.