कलम नऊ, मोठ्याने

कलम १. "आम्ही तिघे भागीदार ब्रेमरहाफेन शहरातील एकाच रस्त्यावरील तीन घरे, एकूण बावीस सदनिका, विकत घेऊन भाड्याने देण्यासाठी..."

नोटरी ब्रूनिंग वाचत होते. आवाज एकसुरी, सरावलेला. जर्मन कायद्यानं त्यांना शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचावंच लागतं आणि सह्या करणाऱ्यांना ऐकावंच लागतं. ओन्नोनं डोळे मिटले होते. वीब्केनं मात्र हात टेबलावर ठेवून घेतले. नखांतली काजळी आज घासूनही गेली नव्हती.

कलम २. भागभांडवल.
गेशे लुबेन, दंतवैद्य : एक लाख ऐंशी हजार युरो.
ओन्नो हार्बर्स, निवृत्त बोटचालक : नव्वद हजार.
वीब्के च्यार्क्स, हीटिंग मिस्त्री : तीस हजार.

(तिन्ही तळघरांतले बॉयलर तिनं बावीस हिवाळे चालू ठेवले, आणि बँकेनं कर्ज मंजूर केलं ते तिनं लिहिलेला दुरुस्तीचा आराखडा बघून, हे कलम दोनमध्ये नव्हतं.)

कलम ३. बँकेचं कर्ज, सहा लाख. "प्रत्येक भागीदार संपूर्ण रकमेस जबाबदार राहील."

"संपूर्ण," वीब्के हळूच म्हणाली.

"बँका तेच मागतात," गेशे म्हणाली. "सगळीकडे असंच असतं हो."

कलमं ४, ५, ६, ७, ८. या काळात ओन्नो एकदा घोरला.

मसुदा दोन आठवड्यांपूर्वीच घरी आला होता. वीब्केनं तो स्वयंपाकघरात बसून चारदा वाचला. चौथ्यांदा वाचताना पाणी कुठं मुरतंय ते तिला दिसलं. तिनं फोन केला नाही, चिठ्ठी लिहिली नाही. ओन्नो, तिच्या दिवंगत बहिणीचा नवरा, कागद वाचत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण कानांवर झाकण नसतं.

कलम ९. "भांडवलाच्या बहुमताने कोणत्याही भागीदारास वगळता येईल. वगळलेल्यास त्याने मूळ भरलेली रक्कम परत..."

"थांबा," वीब्के म्हणाली.

नोटरी थांबले. त्यांनी चष्मा वर केला.

"हे आमच्या ओन्नोला सोप्या शब्दांत सांगा. तुमचं कामच आहे ना ते?"

"मला? मी जागाच आहे," ओन्नो दचकून म्हणाला.

"मग घोरत कोण होतं, बॉयलर?"

नोटरी हसले नाहीत, पण त्यांनी समजावलं. साठ टक्के भांडवल श्रीमती लुबेन यांचं. म्हणजे बहुमत त्यांचं एकटीचं. त्यांना वाटलं तर त्या उद्या सकाळी कुणालाही बाहेर काढू शकतात. दहा वर्षांनी घरांची किंमत दुप्पट झाली, तरी हातात पडतील ते आज भरलेलेच पैसे.

"मलासुद्धा?" ओन्नोनं विचारलं.

"तुम्हालासुद्धा."

ओन्नो आता पूर्ण जागा झाला. "गेशे, मला वाटलं होतं ही अट फक्त..." तो अडखळला आणि वीब्केकडे बघायचं टाळून कॉफीच्या कपाशी चाळा करू लागला.

फक्त कोणासाठी, हे वीब्केला न सांगताच कळलं. ते तिनं बाजूला ठेवलं. त्याचा हिशेब नंतर, जेवताना.

"माझ्या करसल्लागाराचा नमुना आहे तो," गेशे म्हणाली. गाल लाल झाले होते. "आणि घरं विकणारे आजोबा बाहेर बसलेत. साडेअकराला खरेदीखत आहे. आत्ता बदल कसे करायचे?"

"पेनानं," वीब्के म्हणाली. "समासात. नोटरीसाहेब लिहितील आणि तेवढं पुन्हा वाचतील."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी बाहेर जाऊन त्या म्हाताऱ्या गृहस्थांबरोबर कॉफी पिते, डॉक्टरबाई. बँकेला नवा मिस्त्री आणि नवा आराखडा तुम्ही द्या. सहा लाखांना मी पूर्ण जबाबदार राहीन, पण घरात मात्र पाहुणी? तसं होणार नाही."

गेशेनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. दाढ वाचवायची की उपटायची हे ठरवताना बघत असेल, तसं.

"काय हवं?"

"गंभीर कारण असेल तरच काढायचं, तेही बाकी दोघांचं एकमत असेल तर. काढलं, तर त्या दिवसाच्या बाजारभावानं हिस्सा. आणि देखभालीच्या प्रत्येक वर्षाला माझा हिस्सा एका टक्क्यानं वाढेल, वीस टक्के होईपर्यंत."

"ते टक्के कुणाचे कापायचे?"

"तुमचे."

ओन्नो खोकला. गेशे मात्र अनपेक्षितपणे हसली.

"मग माझीही एक अट. दहा वर्षं तुम्हाला सोडून जाता येणार नाही. मूळव्याध होवो की लॉटरी लागो. जानेवारीत हीटिंग बंद पडलं की फोन तुम्हीच उचलायचा."

हे वीब्केनं चारदा वाचताना गृहीत धरलं नव्हतं. वय एकावन्न, अधिक दहा. तिसऱ्या घराचा बॉयलर फार तर चार वर्षं टिकेल, हे ती जाणत होती. स्वतःच्या गुडघ्यांचं तिला नक्की सांगता आलं नसतं. पण बावीस वर्षं तो फोन तिनं दुसऱ्यांच्या घरांसाठी उचलला होता.

"लिहा," ती म्हणाली.

नोटरींनी समासात लिहिलं, वाचलं, पुन्हा विचारलं, तिघांनी मान डोलावली. मग पुढची कलमं संपली. गेशेनं सही केली, वीब्केनं केली. पेन ओन्नोपुढं आलं.

ओन्नोनं ते उचललं नाही.

"नोटरीसाहेब," तो म्हणाला, "कलम एकपासून परत वाचता का? माझं ऐकायचं राहिलंय."