खाच तेवढी राहू द्या

बोलतोय तो मी, वरच्या ओळीतला पुढचा दात. उजव्या बाजूचा. जीभ बोलते असा लोकांचा समज आहे आणि जिभेनेही तो कधी खोडून काढलेला नाही. पण 'त' म्हणायचा असो की 'द', तिला मलाच येऊन टेकावं लागतं. असो. मी तक्रार करायला बसलेलो नाही. निदान सुरुवातीलाच नाही.

माझ्या जागी आधी एक दुधाचा दात राहत होता. तो हलायला लागला तशी मालकिणीने जिभेने ढकलून ढकलून त्याला बेजार केलं आणि एके दिवशी जेवताना तो पडला. मग मी आलो. आलो तो इतका मोठा, की त्या चिमुकल्या तोंडात मी चुकून दुसऱ्याच्या घरी पोचवलेल्या कपाटासारखा दिसायचो. सगळे म्हणाले, तोंड वाढेल. तोंड वाढलं. त्यानंतर ते फारसं मिटलंही नाही, कारण आमच्या मालकिणीला एक तर बोलायला लागतं, नाही तर हसायला.

मालकिणीच्या आईचं कपडे शिवायचं आणि दुरुस्त करायचं दुकान होतं. रस्त्याला लागून एक खोली, पुढे काउंटर, मागे दोन मशिनी, खिडकीजवळ इस्त्रीचं टेबल. शाळा सुटली की मालकीण तिथेच येऊन बसायची. आईने तिला टाके शिकवले, काज करायला शिकवलं, बटण लावायला शिकवलं. एक गोष्ट मात्र आईने शिकवली नाही, ती हिने नुसती बघून उचलली. काम संपलं, गाठ मारली, की आई कापड तोंडाशी न्यायची आणि दोरा दाताने कट्कन तोडायची. दुकानात कात्री होती. पण कात्री नेहमी कापडाखाली असायची आणि दात नेहमी तोंडातच असायचे.

आईचा जो दात या कामाला जुंपलेला होता, तो नेमका माझ्याच जागचा. त्याच्या कडेला दोऱ्याने एक बारीक खाच पाडली होती. आई हसली की ती दिसायची. ते पाहूनच मी ओळखायला हवं होतं की आपल्या नशिबी काय वाढून ठेवलंय.

मलाही खाच पडली. एका दिवसात नाही, हळूहळू, सुती दोरा, रेशमी दोरा, असं करत करत वर्षं गेली. मालकिणीचं लग्न झालं, मुलं झाली, मुलं शिकून लांब गेली, दुकान तिच्या हातात आलं, आणि दोरा रोज बरोबर त्या खाचेत येऊन बसत राहिला. मान जराशी कलायची आणि काम फत्ते. आपण असं करतो याची तिला शुद्धही नसायची. कुणी विचारलं असतं तर तिने छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की मी कात्री वापरते. तशी ती कात्रीसाठी रोज बराच वेळ द्यायची, पण तो सगळा शोधण्यात.

दरम्यान आईचे दात एकेक करून गेले. खाचेवालाही गेला. कवळी आली. कवळी हसायला बरी होती, पण दोरा ओढला की दोऱ्याच्या आधी तीच बाहेर यायची. मग आईने मशीन सोडलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बटणं निवडायला घेतली. पांढरी एका बरणीत, काळी एका बरणीत, बाकीच्यांची वेगळी सोय. पुढे तिचे कानही गेले. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण त्यातून मशीनची खडखड तेवढी मोठी ऐकू येते म्हणून ते खणात पडून असतं.

तरी मायलेकींचं बोलणं थांबलं नाही. आई लेकीच्या ओठांकडे बघायची आणि सगळं समजून घ्यायची. इतकं, की मालकीण आवाज न काढता नुसते ओठ हलवायची. एखादं गिऱ्हाईक काउंटरवर रेलून गप्पा हाणत बसलं की ही मान वळवून ओठांनीच म्हणायची, "हे जाणार कधी?" आणि आई कोपऱ्यातून दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर द्यायची, "जातील गं, त्यांनाही घर आहे." ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. मालकीण मग मशीनवर डोकं टेकवून हसायची. त्या हसण्यात सगळ्यांत पुढे मी असायचो, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग ती बॅग आली.

प्रवासाची बॅग, पट्टा उसवलेला. गिऱ्हाईक दारात उभं, त्याला गाडी गाठायची. मालकिणीने नायलॉनचा जाड दोरा ओवला, पट्टा पक्का केला, आणि "झालंच बघा" असं म्हणता म्हणता दोरा तोंडात घातला. बोलण्याच्या नादात तो खाचेत न बसता कोपऱ्यावर बसला. तिने हिसका दिला. दोरा तुटला नाही. मी तुटलो.

माझा खालचा कोपरा उडाला तो आईच्या पुढ्यातल्या बटणांत. आईने तो बहुधा पांढऱ्या बरणीत टाकला. अजूनही तिथेच असेल.

मालकीण आरशासमोर गेली आणि तिचा हात तोंडावर गेला. गेला तो गेलाच. बोलताना हात, हसताना हात. एका हाताने शिवता येत नाही, म्हणून ती हसायचीच टाळायला लागली. गिऱ्हाइकांना वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. पण खरा घोटाळा झाला तो कोपऱ्यातल्या खुर्चीत. आईला लेकीचे ओठ दिसेनात.

"काय म्हणालीस?"

"काही नाही," मालकीण हाताआडून म्हणायची. आईपर्यंत तेही पोचायचं नाही.

"काय पुटपुटतेस?" आई पुन्हा विचारायची. मालकीण मान हलवून कामाला लागायची. काही दिवसांनी आईने विचारणं सोडलं. मग एक दिवस तिने खुर्ची खिडकीकडे फिरवून घेतली आणि लेकीकडे पाठ करून बटणं निवडू लागली. मला फार वाईट वाटलं. दाताला कसलं वाईट वाटायचं असं कुणी म्हणेल, पण त्या दोघींच्या मधे माझा एक कोपरा आला होता आणि मला तो परत आणता येत नव्हता.

याच सुमाराला वहिनी आल्या. वहिनी म्हणजे मालकिणीच्या भावाची बायको. त्यांच्या पुढच्या दातांवर पोर्सेलीनचे व्हिनियर बसवलेले आहेत. वहिनी हसल्या की समोरचा माणूस नकळत डोळे बारीक करतो.

"ताई, सरळ व्हिनियर लावून टाका," त्या म्हणाल्या. "एकदाच काय ते. बाँडिंगबिंडिंगच्या फंदात पडू नका. ते म्हणजे नुसतं लिंपणं."

"दुखतं का?" मालकिणीने हाताआडून विचारलं.

"छे. दात थोडासा घासतात, एवढंच."

थोडासा. वहिनींचा कुणी थोडासा घासला असता तर त्यांनी हाच शब्द वापरला असता का, हे मला विचारायचं होतं. पण मालकिणीला ते पटलं. सुंदर दिसायचा तिचा हट्ट नव्हता. तिला फक्त हात खाली घ्यायचा होता, आणि वहिनींचा हात त्यांच्या मांडीवर होता.

दवाखान्यात आईही आली. घरी बस म्हटलं असतं तरी तिला ऐकू आलं नसतं. डॉक्टर तरुण बाई होत्या. तोंडाला मास्क लावून त्या समजावून सांगायला लागल्या, तोच आई बाजूच्या खुर्चीतून म्हणाली, "तोंड उघडून बोला, बाई. मला कळत नाही."

"हे मी दिवसभर लोकांना सांगते," डॉक्टर म्हणाल्या, "मला आज पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं." आणि त्यांनी मास्क काढला.

मग त्या सावकाश बोलल्या, एकदा मालकिणीकडे बघून, एकदा आईकडे बघून. व्हिनियर म्हणजे पोर्सेलीनचा पातळ पापुद्रा. तो दातावर पुढून चिकटवतात. चहाचे डाग सहसा धरत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. पण तो बसवायला दाताचं वरचं कवच घासावं लागतं, आणि ते पुन्हा येत नाही. एकदा घासलं की त्या दाताला जन्मभर काही ना काही पांघरूण लागणार. बाँडिंग म्हणजे दाताच्या रंगाचा मऊ लगदा तुटलेल्या जागी थापायचा, आकार द्यायचा आणि निळ्या उजेडाखाली कडक करायचा. एका बैठकीत होतं, दात जवळजवळ जसाच्या तसा राहतो. पण ते लवकर पिवळं पडतं, लवकर तुटतं. तुटलं तर पुन्हा लावता येतं.

मी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या. माझा कल कुठे होता हे सांगायला नको.

"व्हिनियरच करा," मालकीण म्हणाली. "पुन्हा पुन्हा ही कटकट नको."

"दाताने काही तोडायची सवय आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. "नखं, सुतळी, पाकिटं?"

"मुळीच नाही," मालकीण म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. मी अवाक झालो.

"बरं. घासायच्या आधी दात भरल्यावर कसा दिसेल ते दाखवते. चिकटवत नाही, नुसतं बसवते." डॉक्टरांनी माझ्यावर लगदा थापला, उजेड पाडला, आरसा दिला. कोपरा परत आला होता. खाचही बुजली होती.

आईने लेकीची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि बराच वेळ बघितलं.

"छान केलंय," ती म्हणाली. "खाच कुठे गेली?"

"भरली ती," डॉक्टर म्हणाल्या. "झीज होती, आजी."

"तशीच मलाही होती," आई म्हणाली आणि कवळीवरून जीभ फिरवली.

डॉक्टर सामान घ्यायला वळल्या तेव्हा आईला त्यांच्या कोटाचं बटण दिसलं. ते एका दोऱ्यावर लोंबत होतं. आईने बोट दाखवलं, मालकिणीने पाहिलं, आणि विषय संपला. लोंबणारं बटण बघून त्या घरातलं कुणी गप्प बसलेलं मी पाहिलेलं नाही. पर्समधून सुईदोरा निघाला. डॉक्टर नको नको म्हणत होत्या, पण तोवर कोट मालकिणीच्या मांडीवर आला होता. चार टाके, वेढा, गाठ. मान जराशी कलली.

कट्.

दोरा तुटला. डॉक्टरांनी बसवलेला तुकडा सुटून कोटावर पडला.

"आत्ता तुम्ही काय केलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"बटण लावलं," मालकीण म्हणाली.

"दोरा कशाने तोडलात?"

मालकिणीने कात्रीसाठी आजूबाजूला बघितलं. मांडीवर बघितलं. मग तिने जिभेने मला चाचपलं. आई इतकी हसली की तिला कवळी हाताने धरावी लागली.

डॉक्टर स्टूल ओढून समोर बसल्या. "नीट ऐका. व्हिनियर लावून असंच केलंत तर एक दिवस ते तुटेल आणि खाली घासलेला दात उरेल. बाँडिंगही तुटेल. पण ते मी पुन्हा लावून देईन, आणि खाली तुमचा दात असेल. तुम्ही ठरवा."

मालकिणीने ठरवलं आणि सांगायला तोंड उघडलं. त्याबरोबर हात वर आला. तो तोंडापर्यंत पोचण्याआधीच आईने धरला. म्हातारा हात, पण आयुष्यभर कापड ओढलेला. तिने लेकीचा हात खाली आणला आणि आपल्या मांडीवर दाबून ठेवला.

"आता बोल," आई म्हणाली. "कितीतरी दिवसांत काही बोलली नाहीस माझ्याशी."

मालकिणीचे डोळे भरले. ती डॉक्टरांशी बोलली, पण तोंड आईकडे ठेवून. "कोपरा भरा. खाच तेवढी राहू द्या."

"दोरा पुन्हा तिथेच जाईल," डॉक्टर म्हणाल्या.

"मी कात्री गळ्यात बांधते. पण खाच राहू द्या."

तर मी हा असा आहे. मला घासलं नाही. कोपरा नवा आहे, चहाने थोडा पिवळसर व्हायला लागलाय. मालकिणीच्या गळ्यात फितीला बांधलेली छोटी कात्री असते. तरी कधी कधी दोरा माझ्यापर्यंत येतो. मग कोपऱ्यातून आई बटणांची बरणी खडखडवते आणि तो परत जातो. खोटं कशाला बोलू, मला जरा रिकामं रिकामं वाटतं.

आईची खुर्ची पुन्हा आतल्या बाजूला वळली आहे. परवा एक गृहस्थ पँट घेऊन आले. घरी धुतल्यावर कंबरेत आटली, असं त्यांचं म्हणणं. मालकिणीने टेप लावली, मापं बघितली, मान वळवली आणि आवाज न काढता ओठ हलवले, "पँट आटली नाही, पोट सुटलंय."

"सुटलंय ते दिसतंच आहे," आई दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पण तोंडावर कसं सांगायचं?"

गृहस्थांनी पोट आत घेतलं. मालकीण हसत सुटली. दोन्ही हात कापडावर होते आणि मी सगळ्यांत पुढे होतो, कोपऱ्यासकट आणि खाचेसकट.

जाता जाता दोन गोष्टी सांगतो. दोरा कात्रीने तोडा. सापडत नसेल तर कापडाखाली बघा, तिथेच असते. आणि दात तुटका असो, किडका असो, नसला तरी चालेल, पण आईशी बोलताना तोंडावरचा हात काढा.