दोन बहिणींमधला आरसा

मी आरसा बोलतो आहे. समुद्रकाठच्या बाजारात, टोप्यांच्या मांडवाखाली माझा मुक्काम असतो. मी विकाऊ नाही, हे आधीच सांगितलेले बरे. येणारे प्रवासी हातातली टोपी बाजूला ठेवून माझीच किंमत विचारू लागतात.

माझी काच शहरातल्या दुकानात कापली गेली. चौकट मात्र एका सुताराने मोडीत निघालेल्या होडीच्या फळीतून बेतली. त्याच्या दोन मुली माझ्यासमोर वेण्या घालत मोठ्या झाल्या. पुढे थोरलीने बाजारात टोप्या मांडल्या, धाकटीने समोरच कानातली मांडली आणि मी दोघींचा सामाईक झालो. खाऱ्या हवेने कडेचा पारा खाल्ला, तरी मधोमध चेहरा अजून स्वच्छ दिसतो.

येथे येणारी माणसे मोठी गमतीची. पाय वाळूने माखलेले, पण मान काय डौलाने वळवतील! नवऱ्याने कितीही वाखाणणी केली, तरी बायकोचा विश्वास माझ्यावरच अधिक. पोटे आत ओढली जातात, ते मी कोणाजवळ बोलत नाही.

अशाच एका बाईंना थोरली रुंद काठाची टोपी विकत होती. धाकटीने समोरून सरळ सांगितले, की त्या टोपीत तुमचा चेहराच हरवतो. बाई टोपी न घेताच मला ठेवून चालत्या झाल्या. थोरलीने त्या दिवसापासून बहिणीशी अबोला धरला. वास्तविक धाकटीचे म्हणणे बरोबर होते. पण माझे मत विचारतो कोण?

मग माझी ने-आण गिऱ्हाइकांच्या हातून होऊ लागली. थोरली त्यांच्याबरोबर निरोप धाडी, की आरसा पुसून परत करायला सांगा. धाकटी उलट कळवी, की आला तेव्हाच मळका होता. गिऱ्हाइके बिचारी दोन्हीकडे हसून मान डोलवीत.

एके सकाळी धाकटीने सामान बांधायला घेतले. बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला तिला जागा मिळाली होती. थोरली टोप्या एकीत एक घाली आणि पुन्हा सुट्या करी. तिच्या हातांना दुसरे काम सुचेना. इतक्यात एक तरुण प्रवासिनी आली. गाठोड्याच्या तोंडाशी असलेली लाल कानातली तिने घातली आणि आरसा मागितला.

"आरसा माझा नाही हो," धाकटी म्हणाली. "आता मागणारही नाही."

थोरली दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून उठली. मला छातीशी धरून तिने मधली वाट ओलांडली आणि त्या मुलीसमोर धरले.

"ही नकोत गं," ती म्हणाली. "चेहरा उतरलेला दिसतो. हिच्याकडची निळी घाल."

धाकटीची बोटे गाठीवरच थांबली. "ताई, माझं गिऱ्हाईक घालवतेस होय?"

"घालवते. तू माझं सोडलं होतंस का? आणि बरोबरच बोलली होतीस, बये. आता उघड ते गाठोडं, पोरीला निळी काढून दे."

गाठोडे सुटले, ते पुन्हा बांधले गेले नाही.

आता दोन्ही मांडव एकमेकांना जोडलेले आहेत आणि मधल्या खांबावर मी टांगलेला असतो. पारा दरसाल थोडा अधिक उडतो; कधीतरी मधला चेहराही जाईल आणि या चौकटीत नवी काच बसेल. तोवर माझी एवढीच विनंती, की पाहून झाल्यावर मला खांबाकडे तोंड करून टांगू नका. गिऱ्हाईक नसले, की त्या दोघी एका चटईवर बसून एकमेकींना नावे ठेवत असतात. तेवढे मला दिसत राहू द्या.